बोरूचे गाऱ्हाणे

ग्रीक पुराणकथांचा युरोपीय संगीतावरील प्रभाव सर्वश्रुत आहे. बायबलचा अपवाद केला, तर दुसऱ्या कोणत्याही कथाभांडाराने तेथील संगीतकारांना इतके विषय पुरविलेले दिसत नाहीत. मृत पत्नीला पाताळातून परत आणायला निघालेला गायक ऑर्फियस तर या संगीताचा जणू कुलपुरुषच ठरला. १६०७ साली मान्तुआच्या राजवाड्यात सादर झालेला मॉन्तेव्हर्दीचा ‘ओर्फेओ’ ही ऑपेराच्या इतिहासातील पहिली थोर कृती मानली जाते. परंतु प्रस्तुत लेखाचा विषय इतका भव्य नाही. पॅन आणि सिरिंक्स यांची छोटीशी कथा आणि तिच्याशी नाते सांगणाऱ्या तीन छोट्या रचना, एवढ्यापुरताच हा विचार मर्यादित आहे. क्लोद देब्युसी यांची ‘सिरिंक्स’ (१९१३), आल्बेर रूसेल यांची ‘बासरीवादक’ (१९२४) आणि बेंजामिन ब्रिटन यांची ‘ओव्हिडवरून सहा रूपांतरे’ (१९५१) या त्या तीन रचना होत. तिन्ही एकापाठोपाठ ऐकल्या तरी सुमारे अर्धा तास पुरतो. एका लहानशा मैफलीचा हा आयताच कार्यक्रम आहे.

या मैफलीच्या निमित्ताने एक प्रश्न विचारावासा वाटतो. पॅन आणि सिरिंक्स यांची कथा दोन हजार वर्षे प्रेमकथा म्हणून सांगितली जात आहे. ती खरोखर प्रेमकथा आहे काय? आणि नसेल, तर तिच्यातून जन्मलेल्या मधुर संगीताकडे आपण कोणत्या कानांनी पाहावे? मी मुद्दाम ‘कानांनी पाहावे’ असे म्हणतो. कारण या कथेत जे पाहायचे आहे, ते ऐकल्यावाचून दिसत नाही.

ज्या प्रकारच्या संगीताचा येथे विचार करायचा आहे, त्याला पश्चिमेकडे ‘चेंबर म्युझिक’ म्हणतात. चेंबर म्हणजे दालन. शंभर वाद्यांचा ताफा नाही, छडी हलविणारा संचालक नाही. प्रत्येक भागासाठी एकच वादक आणि समोर मोजके श्रोते. आपल्याकडील बैठकीशी या प्रकाराचे जवळचे नाते आहे. आपल्या तीन रचनांपैकी रूसेल यांची रचना बासरी आणि पियानो या दोघांची आहे. बाकीच्या दोन तर एकट्या वाद्याच्या आहेत, देब्युसींची बासरीची आणि ब्रिटन यांची ओबोची. मोठ्या वाद्यवृंदात एखादा स्वर सहज झाकला जातो. येथे मात्र वादकाने श्वास घेतला, तर तोही ऐकू येतो. या कथेला हा घाट शोभून दिसतो, कारण कथाच मुळी श्वासाची आहे.

मूळ कथा

कथा ग्रीक असली, तरी तिचे सर्वपरिचित रूप लॅटिन कवी ओव्हिड याच्या ‘मेटामॉर्फोसीज’ म्हणजे ‘रूपांतरे’ या महाकाव्याच्या पहिल्या सर्गात आढळते. हे काव्य इ. स. ८ च्या सुमारास पूर्ण झाले. आर्केडियाच्या डोंगराळ प्रदेशात सिरिंक्स नावाची एक जलकन्या राहत होती. डायना देवीप्रमाणे तिनेही कौमार्याचे व्रत घेतले होते आणि अनेकांचा पाठलाग तिने यापूर्वी चुकविला होता. एके दिवशी डोंगरावरून येताना ती पॅनच्या दृष्टीस पडली. पॅन हा कळपांचा आणि रानाचा देव. कमरेखाली बकऱ्याचे शरीर, डोक्यावर शिंगे. त्याची विनवणी ऐकून न घेताच ती पळाली. लॅडॉन नदीच्या काठी तिची वाट अडली. पुढे पाणी, मागे पॅन. तिने आपल्या जलभगिनींना साकडे घातले की, माझे हे रूप बदलून टाका. पॅनने तिला मिठीत धरले असे त्याला वाटले, तेव्हा त्याच्या हातांत दलदलीतल्या बोरूंचा भारा होता.

यापुढील प्रसंग ओव्हिडने फार बारकाईने रचला आहे. निराश पॅन उसासा टाकतो. त्या बोरूंमधून वारा वाहतो आणि एक बारीक स्वर उमटतो. हा स्वर कसा होता? ओव्हिड सांगतो की, तो गाऱ्हाणे करणाऱ्याच्या आवाजासारखा होता. आणि पॅनला तो कसा वाटला? गोड. त्या गोडव्यावर तो लुब्ध झाला. तुझ्याशी माझा एवढा संवाद तरी टिकून राहील, अशा अर्थाचे काहीतरी बोलून त्याने लहानमोठे बोरू कापले, मेणाने जोडले आणि त्या वाद्याला त्या मुलीचे नाव दिले. ग्रीक भाषेत नळ्यांच्या बासरीला आजही ‘सिरिंक्स’च म्हणतात.

आवाज गाऱ्हाण्याचा आणि ऐकणाऱ्याला तो गोड लागतो. मला वाटते, या कथेचे सारे मर्म या दोन शब्दांच्या मधल्या फटीत आहे. ज्याला पॅन ‘संवाद’ म्हणतो, त्यात बोलणारा एकच आहे. दुसरी बाजू बोलू शकत नाही. ती वाजविली जाते.

ओव्हिडला ही विसंगती कळली होती, याचा पुरावा त्याच्या रचनेतच आहे. सिरिंक्सची कथा तो स्वतः सुरू करीत नाही. ती मर्क्युरी देवाच्या तोंडी घालतो. मर्क्युरी ती कोणाला सांगतो? शंभर डोळ्यांच्या आर्गसला. ज्युपिटरच्या वासनेला बळी पडून गाय झालेल्या आयो नावाच्या मुलीवर हा आर्गस पहारा करीत आहे. कथेचा हेतू एवढाच की, तिच्या नादाने आर्गसला झोप लागावी. आणि खरोखरच, कथा पुरी होण्यापूर्वीच त्याचे सगळे डोळे मिटतात. मर्क्युरी त्याचा शिरच्छेद करतो. सिरिंक्सचे पुढे काय झाले, ते कवीला स्वतःच घाईघाईने सांगून टाकावे लागते. एका छळलेल्या मुलीच्या शेजारी बसून दुसऱ्या छळलेल्या मुलीची गोष्ट सांगितली जाते आणि ऐकणारा शंभर डोळे असूनही झोपी जातो! श्रोत्यांवर याहून कठोर टीका कोणत्या कवीने केली असेल?

दुसऱ्या शतकातील ग्रीक कादंबरीकार अकिलीस टेशियस याने हीच कथा थोड्या वेगळ्या रीतीने सांगितली आहे. त्याचा पॅन आधी रागाच्या भरात बोरू कापतो. नंतर त्याच्या ध्यानात येते की, आपण जिला शोधत होतो, तिलाच कापले. तो रडतो, तुकडे गोळा करतो, जणू शरीराचे अवयव असावेत तसे ते जुळवितो आणि त्या जखमांवर ओठ टेकतो. त्याचा उसासा त्या छिद्रांतून जातो आणि बासरी बोलू लागते. येथे निदान वाजविणाऱ्याला आपण काय केले याची जाणीव आहे.

तेव्हा या कथेवर रचलेल्या संगीताला लावायची कसोटीही येथेच सापडते. गोडव्याच्या आत ते गाऱ्हाणे जिवंत राहिले आहे काय? की ऐकणारा पॅनसारखा केवळ लुब्ध होतो किंवा आर्गससारखा झोपी जातो?

देब्युसी : पडद्याआडची बासरी

गाब्रिएल मूरे या लेखकाने ‘सायकी’ नावाचे पद्यनाटक लिहिले होते. त्यातील एका प्रसंगासाठी त्याने देब्युसींकडे बासरीची धून मागितली. १ डिसेंबर १९१३ रोजी पॅरिसमध्ये एका खासगी प्रयोगात लुई फ्लरी या बासरीवादकाने ती प्रथम वाजविली. वादक प्रेक्षकांना दिसत नव्हता. बासरी पडद्याआडून ऐकू येत होती. रंगमंचावर दोन वनदेवता होत्या. एकीच्या मनात पॅनची भीती आहे. दुसरी तिला त्याचे वादन ऐकायला लावते. म्हणजे ही धून पहिल्यांदा ऐकली गेली, ती एका घाबरलेल्या मुलीच्या कानांनी. सभागृहात निवांत बसून ऐकताना हे आपण विसरतो.

या रचनेच्या नावाचा इतिहासही बोधप्रद आहे. देब्युसींनी तिला ‘पॅनची बासरी’ असे म्हटले होते. ती फ्लरींकडेच राहिली. देब्युसींचे निधन १९१८ साली झाले आणि फ्लरी १९२६ साली गेले. त्यानंतर १९२७ मध्ये जोबेर या प्रकाशकाने ती छापली, तेव्हा तिच्यावर ‘सिरिंक्स’ हे नाव आले. देब्युसींच्या आधीच्या एका गीताचे शीर्षकही ‘पॅनची बासरी’ हेच होते. दोहोंत घोटाळा होऊ नये, हे या बदलाचे कारण सांगितले जाते. कारण व्यावहारिक असेल. परिणाम मात्र खोल झाला. ‘पॅनची बासरी’ म्हटले की आपण वाजविणाऱ्याकडे पाहतो: त्याचा विरह, त्याची तळमळ. ‘सिरिंक्स’ म्हटले की तेच स्वर त्या मुलीचे होतात. एकही स्वर न बदलता बोलणारी व्यक्ती बदलली. कलाकृतीच्या कपाळावरचे नाव किती निर्णायक असते, याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे आठवत नाही.

रचना अवघ्या ३५ मात्रागटांची, सुमारे तीन मिनिटांची. आरंभीचे वाक्य एका उंच स्वरावर टेकते, तिथून वळसे घेत खाली घसरते आणि पुन्हा त्याच स्वरावर येऊन थांबते. हे वाक्य पुनःपुन्हा येते. दर वेळी थोडे निराळे, थोडे अधिक दमलेले. पायाखाली ठोस षड्ज असा मिळत नाही. सुरावट अर्ध्या अर्ध्या स्वरांनी सरकते, त्यामुळे कान घर शोधीत राहतो. शेवटी सारख्या अंतराच्या पूर्ण स्वरांची एक पायरी-पायरीने उतरण येते, आवाज मंदावत जातो आणि बासरीच्या खालच्या सप्तकात एका दीर्घ स्वरात विरून जातो. संवाद संपला असे वाटत नाही. वारा थांबला असे वाटते.

माझ्या मते, देब्युसींचे यश हे की, गोडवा आणि गाऱ्हाणे त्यांनी वेगळे करता येणार नाहीत असे एकत्र गुंफले आहेत. परंतु वादकाच्या हातून यातले अर्धे निसटू शकते. पुष्कळ वादक ही धून अत्तरासारखी वापरतात. स्वर थरथरवितात, शेवट लांबवितात आणि ऐकणाऱ्याला एक सुखद ग्लानी येते. ही आर्गसची झोप होय. जे वादक स्वर साधा ठेवतात, दोन वाक्यांमधली शांतता पुरती घेतात आणि श्वास लपवीत नाहीत, त्यांच्या वादनात तो बारीक आवाज पुन्हा ऐकू येतो. एक न्यून मात्र रचनेतच आहे, तेही नोंदविले पाहिजे. येथे मुलगी केवळ शीर्षकात आहे, आणि ते शीर्षक संगीतकाराने दिलेले नाही.

रूसेल : चार वादक, मुलगी एकही नाही

आल्बेर रूसेल हे आरंभी फ्रेंच नौदलात अधिकारी होते. संगीतासाठी त्यांनी ती नोकरी सोडली. १९०९ साली ते पत्नीसह भारतात आले होते. त्या प्रवासातून त्यांची ‘एव्होकासियाँ’ ही वाद्यवृंदरचना जन्मली. तिच्या पहिल्या भागामागे आपल्या वेरूळच्या लेण्यांचे दर्शन आहे. महाराष्ट्राच्या कातळात कोरलेल्या देवांनी पॅरिसच्या सभागृहात असा प्रवेश केला.

१९२४ च्या ‘बासरीवादक’ या रचनेत चार लहान भाग आहेत आणि प्रत्येकाला एका बासरीवादकाचे नाव आहे. पहिला पॅन. दुसरा तितिर, रोमन कवी व्हर्जिलच्या गोपगीतांतील मेंढपाळ. तिसरा कृष्ण. चौथा श्रीयुत द ला पेजोदी, हा आंरी द रेन्ये याच्या एका कादंबरीतील रंगेल गृहस्थ. चार भाग रूसेल यांनी आपल्या काळातील चार बासरीवादकांना अर्पण केले. त्यांपैकी ‘कृष्ण’ हा भाग लुई फ्लरींना, म्हणजे देब्युसींची धून प्रथम वाजविणाऱ्या वादकालाच अर्पण केलेला आहे.

रचना डौलदार आहे, वाद्याची जाण पक्की आहे. तरीही ‘पॅन’ हा भाग ऐकताना मला समाधान होत नाही. त्यातील बासरी कधी आळसावलेली, कधी चपळ, सदैव स्वतःवर खूष. पियानो तिच्या सोबतीला आहे, तिला अडविणारे कोणी नाही. नदीकाठी वाट अडलेल्या मुलीचा येथे मागमूस नाही. पूर्ण रचनेच्या शीर्षकातच ‘वादक’ आहेत. ज्याच्यातून आवाज निघतो त्या बोरूचा प्रश्नच उद्भवत नाही. ओव्हिडच्या दोन शब्दांपैकी गोडवा तेवढा उरला, गाऱ्हाणे गेले. कथेच्या नावाने लिहिलेल्या संगीताने कथेतला काटाच काढून टाकावा, हे मला उणे वाटते.

पण याच रचनेतील ‘कृष्ण’ वेगळा आहे, आणि मराठी श्रोत्याला तो अधिक जवळचा वाटेल. याची लय सात मात्रांची आहे, त्यामुळे आपल्या रूपक तालाची आठवण होते. सुरावटही भारतीय रागाच्या, विशेषतः श्री रागाच्या, वळणाने जाते. अर्थात हे फ्रेंच कानांनी ऐकलेले भारतीय संगीत आहे. त्यात रागाचा विस्तार शोधू नये. महत्त्वाचे आहे ते दोन भागांचे शेजार. पॅन मागे धावतो. त्याला बासरी मिळते, ती मुलगी हरवल्यानंतर. कृष्णाची बासरी कोणाचा पाठलाग करीत नाही. ती एका जागी वाजते आणि ऐकणारा आपल्या पायांनी येतो. एकनाथांच्या गौळणी ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना हा फरक समजावून सांगण्याची गरज नाही. रूसेल यांनी ही तुलना जाणूनबुजून मांडली असे मी म्हणणार नाही. परंतु एकाच मैफलीत ही दोन चित्रे लागोपाठ आली की, ती तुलना आपोआप घडते. ‘पॅन’मध्ये जी अस्वस्थता असायला हवी होती, ती ‘कृष्ण’ ऐकताना आपल्याला जाणवू लागते.

ब्रिटन : पहिली मुलगी आणि शेवटची मुलगी

१४ जून १९५१ रोजी इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील ऑल्डबरा महोत्सवात, थॉर्पनेस येथील तळ्यावर, ब्रिटन यांची ‘सहा रूपांतरे’ प्रथम सादर झाली. वाजविणारी होती जॉय बॉटन, संगीतकार रटलंड बॉटन यांची कन्या. बोरूची कथा आणि पाण्याचा काठ, हा योग जुळून आला होता.

वाद्य ओबो. येथे एक तांत्रिक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती अर्थाशी निगडित आहे. देब्युसी आणि रूसेल यांची बासरी आज बहुधा धातूची असते आणि तिच्यात पाती नसते. ओबोच्या मुखाशी मात्र, आपल्या सनईप्रमाणे, पातळ पात्यांची जोडी असते. त्या पाती नदीकाठी वाढणाऱ्या नळवर्गीय वनस्पतीच्या दांड्यापासून तासून केलेल्या असतात आणि अनेक ओबोवादक त्या सुरीने स्वतःच तासतात. म्हणजे ओबोचा आवाज खरोखरीच कापलेल्या बोरूतून निघतो. ब्रिटन यांनी हे वाद्य निवडले, तिथेच अर्धी कथा सांगून झाली.

सहा भागांना ब्रिटन यांनी एकेका वाक्याचा परिचय जोडला आहे. पॅन, जो आपल्या प्रिय सिरिंक्सची झालेली बासरी वाजवीत असे. सूर्याच्या रथावरून कोसळलेला फेटन. चौदा मुलांच्या मृत्यूचा शोक करता करता डोंगर झालेली नायोबी. मद्याचा देव बॅकस. स्वतःच्या प्रतिबिंबावर भाळून फूल झालेला नार्सिसस. आणि अल्फियस या नदीदेवाच्या प्रेमापासून पळताना झरा झालेली अ‍ॅरेथ्यूझा.

‘पॅन’ला ठरावीक मात्रांचे बंधन नाही. लहान लहान वाक्ये येतात आणि प्रत्येक वाक्यानंतर विराम. वादक जणू बोरूला काही विचारतो आणि थांबून वाट पाहतो. उत्तर येते ते त्याच्याच आवाजात. हे विराम मला फार बोलके वाटतात. देब्युसींच्या रचनेत शांतता ही धुनीची सावली आहे. ब्रिटन यांच्या रचनेत ती दुसऱ्या व्यक्तीची रिकामी जागा आहे. ‘नार्सिसस’मध्ये याचीच दुसरी बाजू दिसते. एक वाक्य वर जाते, त्याचे प्रतिबिंब उलटे होऊन खाली येते. दोहोंतील अंतर कमी कमी होत जाते आणि अखेर दोन्ही आवाज एक होतात. स्वतःवरच जडलेले प्रेम किती सुरेल आणि किती एकाकी असते, ते येथे एका वाद्यात ऐकायला मिळते. पॅनचा ‘संवाद’ तरी याहून कितीसा निराळा होता?

आता या सहा भागांचा क्रम पाहावा. ओव्हिडच्या काव्यात हे प्रसंग निरनिराळ्या सर्गांत विखुरलेले आहेत आणि ब्रिटन यांचा क्रम ओव्हिडचा नाही. त्यांनी पहिल्या स्थानी सिरिंक्सचा प्रसंग ठेवला आणि शेवटच्या स्थानी अ‍ॅरेथ्यूझाचा. दोन्ही पाठलागाच्या कथा. दोघी मुलींनी आपले रूप देऊन सुटका करून घेतली. पण दोघींत एक मोठा भेद आहे. सिरिंक्सची कथा मर्क्युरी सांगतो, झोप आणण्यासाठी. अ‍ॅरेथ्यूझा आपली कथा स्वतः सांगते. ओव्हिडच्या पाचव्या सर्गात ती सीरीस देवीपुढे, पाण्यातून डोके वर काढून, ओले केस निथळीत, धावताना आपल्याला किती भय वाटले ते आपल्याच शब्दांत सांगते. आणि सीरीस कोण? जिची मुलगी पळवून नेली आहे, अशी एक आई. आर्गसपेक्षा निराळी श्रोती तिला मिळाली.

ब्रिटन यांच्या या शेवटच्या भागात सुरावट वरून खाली धावत येते, पुन्हा उसळते. मध्येच दीर्घ कंपित स्वर येतात, जणू वितळणाऱ्या देहावर पाण्याचा शहारा. अखेर मोकळा, भरलेला प्रवाह. आरंभीचा बोरू दुसऱ्याच्या फुंकरीने वाजत होता; हा झरा आपल्या बळाने वाहतो. सिसिलीतील सिराक्यूज शहरात ऑर्टिजिया बेटावर अ‍ॅरेथ्यूझाचा म्हणून दाखविला जाणारा झरा आजही आहे.

म्हणून या तिन्ही रचनांत ब्रिटन यांची रचना मला सर्वांत समंजस वाटते. केवळ सौंदर्याचा विचार केला, तर देब्युसींच्या तीन मिनिटांची सर तिला येणार नाही, हेही मान्य केले पाहिजे. ‘फेटन’ आणि ‘बॅकस’ हे तिचे भाग चित्रमय आहेत, पण मनात फार काळ घर करीत नाहीत. परंतु एका मुलीच्या मूक होण्याने सुरू होऊन दुसरीच्या वाहत्या आवाजाने संपणारी ही मालिका ऐकणाऱ्याला काही देऊन जाते.

एक आक्षेप

कोणी म्हणेल, संगीतावर हा भार कशाला? स्वरांना नीती नसते. शीर्षक पुसले, तर पॅन आणि सिरिंक्स कुठे उरतात? आक्षेप वजनदार आहे. शुद्ध स्वर चांगले किंवा वाईट नसतात, हे मलाही मान्य आहे. परंतु या संगीतकारांनी शीर्षके पुसलेली नाहीत. उलट कथेच्या आधारानेच ऐकणाऱ्याला बोलावले आहे. ज्या घरात आपल्याला नावाने बोलावले गेले, त्या घरातल्या माणसांची चौकशी करणे हा उद्धटपणा नव्हे.

आणि या चौकशीला आणखी एक कारण आहे. पळणाऱ्या मुलीचा पाठलाग म्हणजे प्रेम, तिचा नकार म्हणजे लाजरा होकार, ही समजूत केवळ ग्रीक रानातली नाही. आमच्या चित्रपटगीतांनी ती घराघरांत पोहोचविली आहे, आणि त्या गीतांच्या चाली गोड आहेत हेच त्यांचे सामर्थ्य आहे. मुलीच्या मागे लागलेला तरुण, तिचा नकार ऐकूनही ‘आज ना उद्या हो म्हणेल’ अशी वाट पाहणारे नातेवाईक, ही चित्रे आपल्याला अपरिचित नाहीत. ख्रिस्तमंदिरात विवाहविधीच्या आरंभी वधू आणि वर या दोघांनाही विचारले जाते की, तुम्ही कोणत्याही दडपणाविना आपल्या खुशीने आला आहात ना? हा प्रश्न औपचारिक वाटतो, पण विवाह उभा राहतो तो त्याच्या उत्तरावर. पॅनने हा प्रश्न विचारला नाही. लॅडॉनच्या काठी सिरिंक्सला उत्तर द्यायला एकच मार्ग उरला होता, तो म्हणजे माणूसपण सोडण्याचा.

या तीन रचनांची ध्वनिमुद्रणे आज सहज मिळतात. घरात, किंवा युवक-युवतींच्या एखाद्या सायंकाळच्या मेळाव्यात, त्या एकत्र ऐकाव्यात असे मी सुचवीन. क्रम असा ठेवावा: आधी रूसेल यांचे ‘पॅन’ आणि ‘कृष्ण’, मग देब्युसी, आणि शेवटी ब्रिटन संपूर्ण. ऐकण्यापूर्वी ओव्हिडची कथा कोणीतरी मोठ्याने सांगावी. शक्यतो एखाद्या मुलीने. देब्युसींच्या वेळी दिवे मंद करण्याचा मोह होईल, तो टाळावा. कोणी झोपू नये. आणि ऐकून झाल्यावर मुलांना व मुलींना एवढेच विचारावे की, तुम्हांला कोणाचा आवाज ऐकू आला, वाजविणाऱ्याचा की बोरूचा? उत्तरे सारखी येणार नाहीत. त्या उत्तरांवर मग थोडा वेळ निवांत बोलावे.